कंसातली काकुळत

"काकुळतीने मालक ते जाळं माझं आहे मला द्या."

असं मी म्हटलं. एका दमात. कागदावर जसं लिहिलं होतं तसं.

मालकाच्या आंगणात नाटकाची तालीम चालू होती. गावातली मंडळी धानाच्या तनसीच्या ढिगाले टेकून बसली होती. आधी सारे गप्प झाले. मले वाटलं, जमलं. मग एक जण फसकन हसला. मग सारेच हसले. मालकाचा धाकटा पोरगा, ज्याले सारं गाव छोटे मालक म्हणे, तो खुर्चीवरून उठला, पोट धरून पुन्हा बसला. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"अरे ढिवरा," तो म्हणाला, "कंसातलं वाचायचं नसतं. कंसातलं करायचं असतं."

मी कागद पाहिला. त्या शब्दाच्या अल्याड-पल्याड एकेक वाकडी रेघ होती. मले वाटलं होतं लिहिताना हात हालला असन. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. अक्षराले अक्षर लावून वाचता येत होतं. कंस कोणी शिकवला नव्हता.

"परत वाच. अगदी तसंच वाच." त्यानं आतून बायकांना बोलावलं. दिवाणजीले बोलावलं. गोठ्यातून गड्याले बोलावलं. मी परत वाचलं. परत हसले. "अजून एकदा." अजून हसले. मीही हसलो. सारे हसतात तेव्हा ज्याच्यावर हसतात त्यालेही हसा लागते. नाई हसला तर म्हणतात, याले राग आला का? आणि राग येणं आमच्या मोहल्ल्यात परवडत नव्हतं.

घरी जाताना रस्त्यावर पोट्टे ओरडले, "काकुळत्या आला रे, काकुळत्या!"

मायबापानं ठेवलेलं नाव त्या दिवशी संपलं. आजही गावात म्हातारे लोक मले त्याच नावानं ओळखतात. त्यातले अर्धे मेले. नाव नाई मेलं.

माझी बायको भागरता यंदा गेली. तवापासून बसवत नाई, निजवत नाई. आंगणातून घरामागच्या सांदवाडीत जातो, सांदवाडीतून आंगणात येतो. सून म्हणते, बाबा, बसा एका जागी. कुठी बसू? जिथी बसतो तिथी ती बसली होती. म्हणून हे लिहून राह्यलो. हाताले काहीतरी पाहिजे. माझं लिहिणं वाकडं आहे, पण गोष्ट सरळ आहे.

आमचं गाव गोंडपिपरीच्या पलीकडे, जंगलाले लागून. तवा जिल्ह्याले चांदा म्हणत. गावाले एक मोठा तलाव. गावचा मालक तोच मालगुजार. त्याच्या घराण्यानं बांधला असं म्हणत, म्हणजे आमच्या आज्या-पणज्यानं माती वाहिली आणि मालगुजारानं नाव दिलं. आम्ही ढिवर. पाणी उतरू लागलं की जाळं टाकाचं, मासोळ्या बाजारात नेऊन धान आणाचं, हाच धंदा.

पण आधी मागा लागे.

ही रीत होती. दरवर्षी पाणी उतरलं की माझा बाप जाळं खांद्यावर घेऊन मालकाच्या घरी जाई. जाळं पायरीवर ठेवाचं. त्याच्यावर डोक्याचा दुपट्टा काढून ठेवाचा. मग खाली उकिडवं बसाचं आणि म्हणाचं, "मालक, तलावात उतरू का जी?"

मालक झोपाळ्यावर. तो म्हणे, "ऐकू नाही आलं."

बाप परत म्हणे. थोडं हळू.

"ऐकू नाही आलं."

बाप अजून हळू. मी लहान होतो, मागं उभा राहून पाहत होतो. मले समजत नव्हतं. ज्याले ऐकू येत नाई त्याच्यासाठी माणूस मोठ्यानं बोलते. माझा बाप हळू हळू होत जाई. शेवटी त्याचा आवाज इतका खाली जाई की बाजूले बसलेल्या कुत्र्यालेही ऐकू गेला नसता. तेव्हा मालक म्हणे, "हं. उतर."

तेव्हाच त्याले ऐकू येई.

मले वाटे, आमचं बोलणंच असं असते. जशी कोणाची उंची कमी असते, कोणाचा रंग काळा असते, तसा आमचा आवाज. जन्मासंग आलेला.

मग सरकारनं मालगुजारी काढली. चांद्याहून माणूस आला, चावडीपाशी उभा राहून सांगून गेला. तलाव आता सरकारचा. लोकांनी ऐकलं. घरी गेले. दुसऱ्या दिवशी तलावाच्या पारीवर, बांधावर, मालकाचाच दिवाणजी काठी घेऊन बसला होता. बाप तवा जित्ता होता. पाणी उतरलं, बाप जाळं घेऊन मालकाच्या पायरीवर गेला. सरकार एकदाच आलं होतं. दिवाणजी रोज येत होता.

बाप मेला. त्याच्यानंतर मी जाऊ लागलो. मीही उकिडवा बसलो. मलेही हळू होता येत होतं.

आता नाटकाचं सांगतो. आमच्या झाडीपट्टीत धान घरी आलं की नाटकं होतात. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असला की गावोगावचे पाहुणे येतात, मग रातभर नाटक. तेव्हा नाचगाण्याची दंडार व्हायची, खडी गंमत व्हायची. छोटे मालक नागपूरले शिकून आले होते. त्यांनी म्हटलं, हे गावठी बंद, यंदा मी लिहिलेलं नाटक करू. त्यांनी स्वतःच लिहिलं. एक मालगुजार असते, कडक. एक ढिवर त्याच्या तलावात चोरून मासोळ्या धरते. मालगुजार जाळं जप्त करते. ढिवर येऊन रडते. मालगुजाराले पाझर फुटते, जाळं देते, वर धोतरजोडी देते. ढिवर पाया पडते. टाळ्या.

ढिवराचं काम कोणी घेईना. वाण्याचा पोरगा म्हणाला, मी राजा होईन नाई तं काहीच होणार नाई. तवा छोटे मालक म्हणाले, "ढिवराचं काम ढिवरालाच शोभेल." मले बोलावलं. मी खुश झालो होतो. नाटकात घेतलं म्हणून घरी येऊन भागरताले उचलून घेतलं होतं मी. मग तालमीत ते कंसाचं झालं.

दुसऱ्या दिवशी मी गेलोच नसतो. पण बोलावणं आलं तर जा लागे.

छोटे मालक शिकवत चांगलं. ते सांगतो, खोटं काहाले बोलू. ते म्हणत, "शब्द म्हणजे मडकं. त्यात काय भरलं ते 'कसं म्हणाला' यावरून कळतं." आणि ते करून दाखवत. तेच वाक्य. मालक, ते जाळं माझं आहे, मला द्या. रागाने म्हणत, तर अंगावर काटा येई. हसत म्हणत, तर आपण हसत असू. घाबरत म्हणत, तर खरंच कोणी मागं उभं आहे असं वाटे. थंडपणे म्हणत, तर भीती वाटे. एकच वाक्य, आणि माणूस दर बारीले नवा.

असं असते? कसं बोलाचं हे वेगळं ठेवता येते? शब्द एकीकडे, बोलणं एकीकडे?

मी विचारलं, "छोटे मालक, हे कसं म्हणाचं ते कोण ठरवते जी?"

"लेखक ठरवतो."

"लेखक म्हणजे कोण जी?"

"मी."

सारे हसले. मी नाई हसलो. पहिल्यांदाच नाई हसलो. कोणाचं लक्ष नव्हतं.

मले माझा बाप दिसत होता. पायरीखाली बसलेला. त्याचं वाक्य साधं होतं. तलावात उतरू का. पण त्याच्याही आगं-मागं दोन वाकड्या रेघा होत्या. कोणीतरी लिहून ठेवलं होतं, यानं कसं बोलाचं ते. त्याच्या बापालेही तेच. कागद नव्हता, म्हणून आम्हाले वाटत होतं आमचा आवाजच असा आहे.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. भात गिळवेना. भागरता म्हणाली, "नाटकाचा रोग झाला तुमाले."

एका सकाळी ती ओसरीत जाळं दुरुस्त करत बसली होती. ते जाळं तिनं आणि माझ्या बापानं मिळून विणलं होतं. सणाचं सूत तिनं कातलं, बापानं गाठी मारल्या, येनाच्या झाडाच्या सालीत उकळून रंगवलं. जाळं बुडावं म्हणून लावलेले मातीचे मणी तिनं चुलीत भाजले होते. लग्न होऊन आली तेव्हाची ती गोष्ट, तिच्या अंगठ्यावर सुताचा वळ पडला होता तो मरेपर्यंत गेला नाई.

तिले वाचता येत नव्हतं. म्हणाली, "त्या कागदावर तुमचं काय हाये ते म्हणा ना जी एकडाव."

मी म्हटलं. काकुळतीनं.

"अन् ते दोन वाकड्या रेघात काय हाये?"

"तेच. काकुळतीने."

"मंग पुसून टाका."

"पुसता येत नाई. लिहिलेलं हाये ते."

"कोणं लिवलं?"

"छोट्या मालकानं."

"त्यानं जाळं इणलं का?"

तिनं दातानं सूत तोडलं. म्हणाली, "रागानं म्हणून पाहा बरं. इथी कोणी नाई. मी अन् कोंबडी."

मी उभा राहिलो. छाती फुगवली. म्हणू लागलो आणि गळ्यातून चिरका आवाज निघाला. परत म्हटलं. परत तसाच. आपल्या घरात, आपल्या बायकोसमोर, मले राग करता येईना. राग होता. पोटात जळत होता. पण पोटातून तोंडात येणारा रस्ता कोणी वापरलाच नव्हता, बाभूळ माजली होती तिथी.

भागरता हसू हसू लोळली. "अवो मांजरीवर बी कोणी असं रागावत नाई! कोंबडी बी भेली नाई पाहा!"

तेवढ्यात तिले काही आठवलं. तिनं बसल्या जागेवरून शेजारणीले हाक मारली. "सईबाई, माहं सूप दे वो!" शेजारीण म्हणाली, "घेऊन जाय ना बाई, हात भरले माहे." भागरता गेली, सूप घेऊन आली, परत जाळं घेऊन बसली. मी आपला उभा होतो, छाती फुगवून.

नाटक झालं. काकुळतीनंच केलं. बायका रडल्या. पाहुण्या गावचे लोक म्हणाले, वा. आणि नाटक संपल्यावर मोठा मालक स्वतः मांडवाजवळ आला. रंगवलेल्या तोंडानं मी उभा होतो. तो माझ्याशी नाई बोलला. माझ्याबद्दल बोलला, बाजूच्या पाहुण्याशी.

"पाहिलं? काय सुरेख काकुळत! शिकवावी लागत नाही. रक्तातच असते यांच्या."

मी इतके दिवस शिकलो होतो ना. पाठ करून, चुकून, हसू करून घेऊन. ते माझ्या रक्तात गेलं. त्याच्या पोरानं मालगुजाराचं, रागाचं काम केलं, त्याले म्हणाले कला.

त्या साली पाणी लवकर उतरलं. मागाले जा लागत होतं. मी रोज सकाळी जाळं खांद्यावर घेई, मोहल्ल्याच्या टोकापर्यंत जाई आणि परत येई. पायरीवर बसून तेच म्हणाचं होतं, पण आता मले दिसत होतं की मी म्हणतो ते दुसऱ्यानं लिहिलेलं आहे. एकदा दिसलं की मग कसं म्हणावं? जीभ उलटत नव्हती. घरचं धान संपत आलं.

भागरता म्हणाली, "मालगुजारी गेली म्हणतेत ना?"

"गेली."

"मंग मागाचं कोणाले?"

ती उठली, पदर खोचला, जाळ्याचं एक टोक धरलं. "चला."

आम्ही उतरलो. दिवसाढवळ्या. एकच फेर झाला. थोड्या मासोळ्या आल्या, बोटाएवढ्या. दिवाणजी पारीवरून ओरडत आला, संग दोन गडी. मासोळ्या पारीवर सांडल्या, जाळं गुंडाळलं, घेऊन गेला. जाताना म्हणाला, "मालकाकडे ये रे काकुळत्या. नीट माग, जाळं भेटून जाईन."

आम्ही दोघंही गेलो. मी म्हटलं होतं तू राहा. ती म्हणाली, "जाळं माहं बी हाये."

मालकाच्या आंगणात चांद्याचे पाहुणे होते. एक वकील, एक जंगलचा ठेकेदार. खुर्च्यांवर बसून चहा पीत होते. जाळं पायरीवर पडलं होतं, ओलं. त्यातून पाणी ठिबकून मातीत चालू होतं. मालक झोपाळ्यावर. छोटे मालक खांबाले टेकून.

मले पाहून मालकाचं तोंड खुललं. पाहुण्यांना म्हणाला, "हाच तो. आमच्या चिरंजीवांच्या नाटकातला. तुम्ही नव्हता त्या दिवशी. आता बघा." मग माझ्याकडे वळला. "म्हण रे ते नाटकातलं. जाळ्याचं. चांगलं म्हटलंस तर घेऊन जा."

वकील म्हणाला, "म्हण, म्हण."

ठेकेदारानं कपातला चहा बशीत ओतला आणि बशी तशीच हातात धरून पाहू लागला.

जाळं समोर होतं. दोन हातावर. काकुळतीनं म्हटलं असतं तर उचलून घरी नेलं असतं. आमची चूल त्याच्यावर. भागरताच्या पोटात तेव्हा आमचं पहिलं लेकरू होतं. हे सारं मले ठाऊक होतं. जो म्हणते की अशा वेळी माणसाले काही सुचत नाई, तो कधी उभा राहिला नाई. सारं सुचते. सारं दिसते.

माझे गुडघे आपोआप वाकू लागले होते. खरं सांगतो, मी वाकत होतो. बाजूले पाहिलं. भागरता उभी होती. मालकाकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत नव्हती. जाळ्याकडे पाहत होती, कुठी फाटलं का म्हणून.

गुडघे थांबले.

मले वाटलं होतं, त्या दिवशी राग येईन. आला नाई. राग आला असता तर बरं झालं असतं त्यांच्यासाठी. रागाचं नाटक त्यांनी पाहिलं होतं. हसले असते, दोन फटके मारले असते, झालं असतं. पण मी बोललो ते रागानं नाई. काकुळतीनं नाई. भीतभीत नाई. शेजारणीले आपलं सूप मागतात, तसं.

"मालक, ते जाळं माहं हाये. मले द्या."

बस. एवढंच.

झोपाळा थांबला.

छोटे मालक पुढे आले. हसतच होते अजून. "अरे, असं नाही. विसरलास का? कंसातलं?"

"कंसातलं तुमी लिवलं," मी म्हटलं. "तुमीच करा."

कोणी हसलं नाई. ठेकेदाराच्या बशीतला चहा धोतरावर सांडला, त्यालेही समजलं नाई.

मोठा मालक म्हणाला, "ऐकू नाही आलं."

माझ्या बापाच्या वेळेपासून हे वाक्य मी ओळखत होतो. इथून आवाज खाली न्यायचा असते. मी नाई नेला. वरही नाई नेला. तेवढाच ठेवला.

"ते जाळं माहं हाये. मले द्या."

"खाली बस."

मी बसलो नाई.

"खाली बस म्हणतो!"

मालक उठला. दिवाणजीच्या हातातली काठी घेतली आणि माझ्या पायावर मारली. गुडघ्याच्या मागं. तिथी मारलं की माणूस बसते, हे त्यालेही ठाऊक. मी पडलो. उठलो. परत मारलं. परत पडलो, परत उठलो. पाहुणा वकील म्हणाला, "जाऊ द्या हो, जाऊ द्या." कोणाले म्हणाला कोणास ठाऊक.

मग मालकानं दिवाणजीले खूण केली. दिवाणजीनं गोठ्यातून कोयता आणला. आमच्यासमोर जाळं तोडलं. आधी मधून. मग आडवं. मग कुठीही. ओलं सूत लवकर तुटत नाई, त्याले जोर करा लागला, घाम आला त्याले.

जाळं तुटून झालं तशी भागरता पायरीपाशी गेली, खाली वाकली आणि मातीचे मणी वेचू लागली. एकेक. पदरात.

"ठेव ते," मालक म्हणाला.

ती वेचत राहिली.

"ए बाई, ठेव म्हणतो."

तिनं सारे वेचले. उभी राहिली. मले म्हणाली, "चला. हे तं आपल्या चुलीतले हायेत."

मी लंगडत होतो. तिनं धरलं नाई. लोकं पाहत होते, धरलं असतं तर मी पडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तलावात उतरली. तिचं जुनं लुगडं घेऊन. एक पदर तिनं धरला, एक मी. लुगड्यात काय येणार? झिंगे आले, चिखल आला, बारीक मासोळी आली. दिवाणजी पारीवरून ओरडला. शिव्या दिल्या. तिच्या लुगड्यावरून घाण बोलला. आम्ही लुगडं ताणून पुढं चालत राहिलो. मोहल्ल्यातले लोक पारीवर उभे होते. कोणी उतरलं नाई. एकही जण. हेही लिहून ठेवतो, कारण पुढे जेव्हा साऱ्यांनी मागणं बंद केलं तेव्हा जो तो म्हणू लागला, आम्ही पहिल्या दिवशी होतो. नव्हते. ती होती.

गुडघ्याच्या मागं अजून दुखते. पावसाळ्यात जास्त. जाळं परत भेटलं नाई. नवीन विणाले दोन हंगाम गेले, त्यात मी बांबू तोडाले जंगलात गेलो, ती पोटुशी धान कापाले गेली. पहिलं लेकरू जगलं नाई. लोक म्हणाले, मालकाच्या पायरीवर बसला असता तर हे झालं नसतं. कोणी हळहळत म्हणाले, कोणी मजा घेत म्हणाले. मी भागरताले विचारलं एकदा, तुलेही तसं वाटते का? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मडकं घेऊन पाण्याले निघून गेली. त्यानंतर मी विचारलं नाई.

ती गेली तेव्हाचं सांगतो आणि संपवतो.

लय दिवस खाटेवर होती. श्वास पुरत नव्हता. सोयरे आले, म्हणाले, देवाले माग, काकुळतीनं माग, तो ऐकते. मी देवळात गेलो. उभा राहिलो. म्हटलं, ही माझी बायको आहे, इथीच राहू दे. एकदा म्हटलं. परत आलो. देवानं दिली नाई. सोयरे म्हणाले, तू नीट मागतलं नाई.

मरताना ती शांत नव्हती. हात झाडत होती. मले जवळ ये म्हणत होती आणि जवळ गेलो की ढकलत होती. कोणावर तरी चिडली होती, कदाचित माझ्यावर. मी तिथीच होतो. मी पाहिलं.

तेरवीची पत्रिका नातवानं छापून आणली. चांगला शिकला आहे तो. त्यानं लिहिलं होतं, दीर्घ आजारानंतर शांतपणे निधन झाले. मी विचारलं, हे शांतपणे कोणं लिहिलं?

"असंच लिहितात आबा. चांगलं वाटते."

"कोणाले?"

त्यानं हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाला, छापून झालं आता, वाटल्याही काही.

मी उरलेल्या साऱ्या पत्रिका मागून घेतल्या. बॉलपेन घेतलं. एकेका पत्रिकेवरचा तो एक शब्द खोडला. रेघ नीट येत नव्हती, लोक म्हणाले म्हातारा दुःखानं येडा झाला. दुःखानं झालो नाई. पोरगा येऊन हात धरू लागला. त्याले म्हटलं, हात सोड. त्यानं सोडला.

साऱ्या खोडून झाल्यावर मी त्याले सांगतलं आणि नातवालेही बसवून सांगतलं. मी मेल्यावर एवढंच लिहा की मेला. शांतपणे लिहू नका, समाधानानं लिहू नका, देवाघरी लिहू नका. कसा मेला ते तुमी लिहाचं नाई. कसा जगला तेही दुसऱ्यानं लिहाचं नाई.

ते मी लिहून ठेवलं आहे. हे घ्या.